दोन वर्षांचे लेकरू, आगबोट आणि आईचा अधिकार

बेसा हे नागपूरच्या दक्षिण टोकाचे गाव. एका पिढीमागे इथे शेतशिवार होते. आज मनीषनगर ओलांडले की इमारतींची रांग सुरू होते, ग्रामपंचायतीच्या जागी बेसा-पिपळा नगरपंचायत आली आहे आणि मिहान प्रकल्पात नोकरीला असलेली कितीतरी तरुण जोडपी इथल्या फ्लॅटमध्ये राहतात. मुंबईचा समुद्र इथून सुमारे आठशे किलोमीटरवर आहे. तरीही क्रूझची सहल आता अशा घरांच्या बोलण्यात येऊ लागली आहे. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली, २०२१ पासून कॉर्डेलियाचे मोठे प्रवासी जहाज मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे निघू लागले, आणि त्याबरोबर एक नवा प्रश्न घरात आला. दीड-दोन वर्षांचे मूल घेऊन जहाजावर जावे का, आणि गेलेच तर तिथल्या किड्स क्लबमध्ये त्याला सोडावे का? यावर दोन उत्तरे लगेच मिळतात. एक म्हणते, पोटच्या लेकराला परक्यांच्या हाती देऊन मौज करणे ही आपली रीत नव्हे. दुसरे म्हणते, पैसे मोजले आहेत, सोय आहे, मग वापरायला हरकत काय? दोन्ही उत्तरे एकाच कारणाने अपुरी आहेत. लहान मूल दुसऱ्याच्या हाती सोपवण्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि तो यांपैकी कोणी विचारातच घेत नाही. तो इतिहास सांगतो की मूल सोपवावे की नाही हा वाद मुळात फारसा खरा नाही; मुले नेहमीच कोणाच्या ना कोणाच्या हाती सोपवली गेली. खरा प्रश्न अटींचा आहे: कोणाच्या हाती, किती वेळ, कोणत्या वयात, आणि त्यात आईबापांचा शब्द किती चालतो.

दोन वर्षांचे मूल घेऊन समुद्रप्रवास करणाऱ्या मराठी आईचे उदाहरण शोधायला आजच्या क्रूझपर्यंत येण्याची गरज नाही. एप्रिल १८८३ मध्ये पंडिता रमाबाई मुंबईहून आगबोटीने इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा नुकती दोन वर्षांची झाली होती. पती बिपिनबिहारी मेधवी आदल्या वर्षी वारले होते. प्रवासाचा खर्च बऱ्याच अंशी ‘स्त्रीधर्मनीति’ या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. बरोबर आनंदीबाई भगत ही सोबतीण होती. ज्या काळात समुद्र ओलांडणाऱ्या पुरुषालाही प्रायश्चित्त घ्यावे लागे, त्या काळात पंचविशीतली एक विधवा कडेवर तान्ह्यासारखे लेकरू घेऊन महिनाभराच्या प्रवासाला निघाली, कारण तिला शिकायचे होते. इंग्लंडमध्ये त्या प्रथम वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत-शिकवत असताना मनोरमेच्या सांभाळाचा भार वाँटेजच्या भगिनींनी उचलला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मुलीला घेऊन फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेतले काम वाढत गेले तेव्हा त्यांनी मनोरमेला इंग्लंडला परत पाठवले आणि त्या स्वतः १८८८ च्या अखेरीपर्यंत तिकडेच राहिल्या.

हे सारे आजच्या कानांना कठोर वाटेल. किड्स क्लबमध्ये दोन तास मूल ठेवावे का, याची चिंता करणाऱ्या आईपुढे दोन वर्षांहून अधिक ताटातूट सोसलेल्या आईचे उदाहरण ठेवणे अन्यायाचेही वाटेल. पण रमाबाईंचे उदाहरण इथे घेण्याचे कारण त्यांचा त्याग नाही. त्यांनी धरलेला आग्रह आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने छापला. त्या पत्रांत मनोरमेच्या धर्मशिक्षणावरून दोघींत खडाजंगी झालेली दिसते. मुलगी मठात वाढते आहे, तिचा खर्च आणि सांभाळ भगिनी करत आहेत, रमाबाई स्वतः बाप्तिस्मा घेतलेल्या आहेत. तरीही मुलीच्या मनावर कोणती शिकवण बिंबवायची हे ठरवण्याचा हक्क आईचा आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. उपकाराखाली दबून त्यांनी तो हक्क सोडला नाही. आणि त्याच काळात फिलाडेल्फियात त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले. म्हणजे आपले मूल दुसऱ्यांकडे ठेवणाऱ्या या बाईने, लहान मुले नीट कशी सांभाळावीत आणि शिकवावीत, ही एक विद्या आहे हे ओळखले आणि ती विद्या शिकून घेतली. सोपवणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणत्या उदाहरणाने सांगता येईल?

ज्या जहाजांवरून रमाबाईंनी प्रवास केला त्याच मार्गांवरच्या जहाजांवर मुले सांभाळण्याची एक दुसरी व्यवस्थाही होती. तिचे नाव आया. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, मुंबई-लंडन प्रवास काही आठवड्यांवर आला आणि इंग्रज साहेबांची कुटुंबे अधिक वेळा ये-जा करू लागली. वाटेत मुलांना कोण पाहणार? त्यासाठी हिंदी आया बरोबर नेली जाई. डोलणाऱ्या केबिनमध्ये आजारी मडमेची शुश्रूषा, मुलांचे खाणे, आंघोळ, झोपवणे, डेकवर त्यांच्यामागे धावणे, हे सगळे तिच्या एकटीच्या अंगावर. परतीचा करार नसेल तर लंडनच्या बंदरावर उतरल्यावर तिची गरज संपे आणि काहींना तिथेच वाऱ्यावर सोडले जाई. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ चालवले गेले. आधी ते ऑल्डगेट भागात होते, १९०० मध्ये हॅकनीतल्या २६, किंग एडवर्ड्स रोड या घरात आले. वर्षाला शंभराच्या घरात आया तिथे राहून परतीच्या नोकरीची वाट पाहत. अँथनी परेरा या आयेने असे ५४ प्रवास केल्याची नोंद १९२० च्या दशकातली आहे. २०२२ मध्ये त्या घरावर स्मृतिफलक लागला. आजच्या किड्स क्लबच्या आधीची जहाजावरची बालसंगोपनाची व्यवस्था ही अशी होती. मालकाच्या मुलाला दिवसरात्र माया मिळे, पण ती देणाऱ्या बाईला कामाचे तास नव्हते, परतीची हमी नव्हती, आणि तिची स्वतःची मुले असली तर ती हजारो मैल दूर. एका मुलाच्या सुखाची किंमत दुसऱ्या मुलाने मोजायची, हा त्या व्यवस्थेचा पाया होता.

जहाजांवर मुलांसाठी वेगळी जागा राखण्याची कल्पना दोन महायुद्धांमधल्या काळात चांगलीच फोफावली. १९३५ मध्ये निघालेल्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजावर मुलांची स्वतंत्र भोजनशाळा होती आणि तिच्या भिंती बाबर या हत्तीचे जनक ज्याँ द ब्रुनॉफ यांनी रंगवल्या होत्या. पण ही सोय वरच्या वर्गाच्या उतारूंची. त्याच काळात आपल्या कोकण किनाऱ्यावर भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींत चाकरमान्यांच्या बायका डेकवर पथारी टाकून, लेकरू मांडीवर घेऊन रात्र काढत. बंदरात बोट लागायला धक्का नसला की पडावात उतरावे लागे, आणि त्या वेळी मूल या हातातून त्या हातात दिले जाई. आपला समुद्रप्रवास तान्ह्या मुलांना कधीच नवा नव्हता. नवे आहे ते त्यांच्यासाठी खास राखलेली खोली आणि त्या खोलीतला पगारी, शिकलेला माणूस. आणि ही नवी गोष्ट आपल्याकडे आधी जहाजावर आली नाही. ती आली गिरणीत.

इथे नागपूरचा इतिहास उपयोगी पडतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका तिथे कामाला येऊ लागल्या. गिरणीत जाणाऱ्या आईपुढे त्या काळी मुंबईत आणि इतरत्र एक जुना उपाय होता: बाळगोळी, म्हणजे अफूची गोळी. गोळी दिली की मूल पाळी संपेपर्यंत गुंगीत पडून राही. मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये १९२२ साली डॉ. बार्न्स यांची पाहणी छापून आली. तिच्यात गिरणी कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे म्हटले होते. या मातांना माया नव्हती असे कोण म्हणेल? मूल ठेवायला जागा नव्हती, एवढेच खरे. एम्प्रेस मिलने कायद्याची सक्ती नसतानाच्या काळात कामगार स्त्रियांच्या लेकरांसाठी पाळणाघर चालवले. पुढे रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात बऱ्याच स्त्रिया कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघरांची शिफारस केली, १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतिक सरकारांना तसा नियम करण्याचा अधिकार दिला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४८ व्या कलमाने ते बंधनकारक केले. प्रथम पन्नासाहून अधिक स्त्रिया असलेल्या, आणि १९७६ पासून तीसहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ते लागू झाले.

ते कलम सावकाश वाचण्यासारखे आहे. खोली पुरेशी मोठी हवी. तिच्यात उजेड आणि वारा हवा. ती स्वच्छ हवी. मुले आणि तान्ही बाळे सांभाळण्याचे शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या ताब्यात ती हवी. मुलांना दूध किंवा खाणे फुकट देण्याचा, आणि ठरावीक वेळाने आईला अंगावर पाजायला येऊ देण्याचा नियम करण्याची मुभा त्या कलमाने सरकारला दिली होती. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली तेव्हा पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क मिळाला. जागा, माणूस, अन्न आणि आईला दार उघडे: मूल सोपवण्याच्या चार अटी कायद्याने अशा रीतीने लिहून ठेवल्या. गिरणीमालकांच्या दयेवर त्या अवलंबून राहू नयेत यासाठीच त्या लिहिल्या गेल्या. एका चांगल्या गिरणीने पाळणाघर काढले म्हणून बाकीच्या गिरण्यांतल्या बाळगोळ्या बंद झाल्या नव्हत्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो एकत्र कुटुंबाचा. आजी, काकू, आत्या घरात होत्या. तेव्हा परक्यांची गरजच नव्हती, असे म्हटले जाते. आजीच्या मायेला पर्याय नाही, हे निर्विवाद. पण एकत्र कुटुंबातही मूल दिवसभर खरोखर कोणाच्या कडेवर असे? बहुतेक कष्टकरी घरांत ते असे सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे कामातून कळले. ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करू लागल्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघाले. पण शहरी, सुस्थितीतल्या मुलांपुरतेच बालशिक्षण राहते, हे त्यांना डाचत होते. म्हणून १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची, असे त्यांनी आणि अनुताईंनी ठरवले. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आले तेव्हा आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसले की शाळेच्या वयाची मुलगी धाकट्या भावंडामुळे शाळेत येऊ शकत नाही. त्यातून विकासवाडी आली: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. परक्यांच्या हाती मूल नको, असे म्हणणाऱ्यांनी या थोरल्या मुलीकडे एकदा पाहावे. तिच्या शाळेची किंमत देऊन ती रीत टिकली होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गिरणीतल्या बाईला पोटासाठी पाळणाघर लागत होते. क्रूझवरच्या आईला ते विरंगुळ्यासाठी लागते. गरज आणि चैन एका मापाने कशी मोजायची? हा फरक खरा आहे आणि तो पुसून टाकू नये. सरकारचा पैसा आणि कायद्याची शक्ती आधी गरजेकडेच गेली पाहिजे. पण आईचा विसावा म्हणजे चैन, हे गृहीत मला मान्य नाही. दोन वर्षांच्या मुलामागे अखंड धावणारी आई चार दिवसांच्या सहलीत दोन तास शांत जेवली, नवऱ्याशी बोलली, तर त्यात मुलाचे काही हिरावले जात नाही. हाच विसावा बाप घेतो तेव्हा त्याला कोणी जाब विचारत नाही. प्रश्न विचारायचाच असेल तर तो दुसरा आहे: या विसाव्याची किंमत कोण मोजतो? क्रूझ जहाजांवर गोव्यातली आणि महाराष्ट्रातली पुष्कळ माणसे नोकरी करतात. कित्येक महिन्यांच्या करारावर ती घरापासून दूर असतात आणि त्यांच्यातही लहान मुलांचे आईबाप आहेत. आयेच्या काळापेक्षा आज करार आहे, पगार आहे, परतीचे तिकीट आहे. हा बदल मोठा आहे. पण मुलांना हसवणाऱ्या त्या माणसाचे स्वतःचे मूल कुठे आहे, हा प्रश्न इतिहासाने आपल्या हाती दिलेला आहे आणि तो विसरता येत नाही.

तिसरा आक्षेप वयाचा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दीड-दोन वर्षांचे मूल बोलून सांगू शकत नाही, आई परत येणार आहे हे त्याला काळात मोजता येत नाही. १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात आठ दिवस एकटी राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट केला. तिच्या मुकाट दुःखाने ब्रिटनमधल्या डॉक्टरांना आपल्या भेटीच्या वेळांचा फेरविचार करावा लागला. आठ दिवस आणि दोन तास यांत अंतर आहे. तरी या वयात ताटातुटीचा ताण खरा असतो, हे त्यातून ठरले. जहाज कंपन्यांचे नियमही हेच मानतात. बहुतेक जहाजांवर किड्स क्लबमध्ये आईबापांशिवाय प्रवेश तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच मिळतो. त्याहून लहानांसाठी काही मोठ्या जहाजांवर वेगळे शिशुगृह असते आणि त्याचे बहुधा तासाप्रमाणे पैसे पडतात. बाकी ठिकाणी आई किंवा बाप सोबत बसण्याच्या अटीवर खेळायला जागा मिळते. सहा महिन्यांखालच्या बाळाला साधारणपणे जहाजावरच घेत नाहीत, आणि लांबच्या सागरी सफरींना ही मर्यादा एक वर्षाची असते. म्हणून बेशाच्या जोडप्याने आधी हे समजून घ्यावे की दीड वर्षाच्या मुलासाठी किड्स क्लब बहुधा उपलब्धच नसतो. मोकळा वेळ मिळेल या हिशेबाने तिकीट काढायचे असेल तर मूल तीन वर्षांचे होऊ द्यावे. त्याआधी जायचे असेल तर चोवीस तास मूल आपल्याच कडेवर असेल, असे धरून जावे.

आणि मूल त्या वयाचे झाले की कारखाना कायद्याच्या त्याच चार अटी तिथे लावाव्यात. एका माणसामागे मुले किती? त्याने कोणते शिक्षण घेतले आहे? मुलाला काय खाऊ घालतात, आणि त्याला न चालणाऱ्या पदार्थांची नोंद ठेवतात का? मध्येच आई आली तर दार उघडतात का, मुलाला रडू आले तर किती वेळात बोलावतात, आणि नोंद केलेल्या माणसाशिवाय दुसऱ्याच्या ताब्यात देत नाहीत ना? हे विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. मठाचे उपकार डोक्यावर असताना रमाबाईंनी प्रश्न विचारले; आपण तर पैसे मोजून जातो.

पण इथे थांबलो तर या इतिहासाचे अर्धेच ऐकले असे होईल. क्रूझचे चार दिवस वर्षातून एकदा येतात. उरलेले दिवस मूल बेशातच असते. इथल्या इमारतींत तळमजल्यावर, फ्लॅटमध्ये चालणाऱ्या पाळणाघरांत ते रोज आठ-नऊ तास काढते, आणि त्याच इमारतीवर विटा वाहणाऱ्या बाईचे मूल वाळूच्या ढिगाजवळ खेळत असते. अशा मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवर ‘मोबाइल क्रेशेस’चे काम सुरू केले आणि तीन वर्षांत ते मुंबईत आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी लागते. नियम कागदावर आहेत. ते विचारणारे आईबाप हवेत. जहाजावरच्या क्लबला आपण जे प्रश्न विचारू, तेच आपल्या गल्लीतल्या पाळणाघराला विचारावेत, आपल्या इमारतीच्या बिल्डरला विचारावेत आणि नगरपंचायतीला अंगणवाडीबद्दल विचारावेत. दीडशे वर्षांत लहान मुलांच्या वाट्याला जी बरी जागा, जे बरे माणूस आणि जे उघडे दार आले, ते कोणीतरी हट्टाने मागितले म्हणूनच आले.